विश्रांतीलाही मात्रा असते

३१ जानेवारी २०२५ ची रात्र आठवतेय? पुण्याजवळ गहुंजेला भारत-इंग्लंड टी-ट्वेन्टी सामना होता. आपल्या डावाच्या शेवटच्या षटकात एक उसळता चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर येऊन आदळला. इंग्लंडची फलंदाजी सुरू झाल्यावर दुबेच्या जागी हर्षित राणा उतरला, त्याने तीन बळी घेतले आणि भारत जिंकला. मग वादाला तोंड फुटलं. फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या बदल्यात अस्सल तेज गोलंदाज कसा काय चालतो? इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर नाराज झाला, टीव्हीवर तज्ज्ञांची तोंडं चार दिशांना झाली आणि घराघरांतल्या क्रिकेटवेड्यांना दोन दिवस पुरेल एवढा विषय मिळाला.

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारलाच नाही. डोक्याला चेंडू लागला. रक्त नाही, बेशुद्धी नाही, माणूस दोन पायांवर उभा आहे. तरी त्याला बाहेर का बसवायचं? आणि बसवायचंच, तर किती दिवस? तिसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, दुबे मुंबईत वानखेडेवर खेळताना दिसला. पुढे २०२५ च्या मध्यावर आयसीसीने नियमच केला, की कन्कशन झाल्याचं निदान झालं तर त्या खेळाडूने किमान सात दिवस सामन्यापासून दूर राहायचं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न काही फक्त भारतीय संघाचा नाही. तो आपल्या घरचा आहे. कबड्डीत पकड करताना गुडघा डोक्यात बसतो, खो-खोत मुलगी खांबावर आपटते, मल्लखांबावरून हात सुटतो, कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या गावात तर हेडिंग करताना दोन डोकी एकमेकांवर आदळतात. तिथे फिजिओ नसतो, राखीव डॉक्टर नसतो. असतात ते पीटीचे सर, बाटलीतलं पाणी आणि "काही होत नाही, ऊठ!" हे शब्द. संध्याकाळी मूल घरी येतं आणि पुढचं सगळं आईवर पडतं. म्हणूनच या विषयात जगभरात गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय उलथापालथ झाली, ती आपल्याला माहीत असायला हवी.

मुका मार, पण मेंदूला

कन्कशन हा शब्द परका वाटतो, पण आपल्याकडे त्यासाठी किती नेमका शब्द आहे बघा... मुका मार! वर जखम दिसत नाही, आत मात्र ठणकत असतं. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. डोकं आपटलं तरी तो बसतो आणि मानेला, छातीला जोरात धक्का बसून डोक्याला हिसका बसला तरी बसतो. नारळ हलवला की आतलं पाणी डुचमळतं ना, तसा कवटीच्या आत मेंदू हादरतो. म्हणूनच हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, पण हा हादरा पूर्ण थांबवू शकत नाही.

हादऱ्यानंतर मेंदूच्या पेशींमध्ये गडबड उडते. पोटॅशियम, कॅल्शियमसारखे क्षार आपापली जागा सोडतात. त्यांना परत जागेवर आणायला पेशींना जास्तीची ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा थोडा घटलेला असतो. खर्च वाढलेला आणि आवक कमी! महिनाअखेरीला घर चालवणारीला ही ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको.

यातली फसवी गोष्ट अशी, की बहुतेक मुलांची शुद्ध हरपतच नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, उजेड किंवा आवाज सहन न होणं, तोल जाणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, उगाच रडू येणं, चिडचिड, खूप झोप येणं किंवा अजिबात न येणं... यातलं काहीही असू शकतं. कधी लगेच, तर कधी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. कन्कशन दिसत नाही. त्यामुळे "स्कॅन नॉर्मल आलाय, उद्यापासून प्रॅक्टिसला जा" हा हिशेब चुकीचा आहे. स्कॅन नॉर्मल याचा अर्थ मोठा धोका टळला, एवढाच.

थांबायचं कशासाठी?

कॅनडातल्या ओटावा शहराची ही गोष्ट. रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये एका आठवड्याच्या आत सामन्यांत तिला डोक्याला मार बसला. तिला स्वतःलाच शंका आली. आपल्याला कन्कशन झालं असेल का, हे तिने मैत्रिणींना मेसेज करून विचारलं, इंटरनेटवर शोधलं. घरी मात्र बोलली नाही. पुढच्या सामन्यात ती उतरली, पुन्हा आपटली आणि बेशुद्ध झाली ती उठलीच नाही. चार दिवसांनी ती गेली. पुढे चौकशी झाली आणि २०१८ मध्ये ओंटारिओ प्रांताने तिच्या नावाने कायदा केला. 'रोवनचा कायदा' सांगतो, की कन्कशनची शंका आली की खेळाडूला मैदानाबाहेर काढायचंच आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परत घ्यायचं नाही.

पहिला मार बरा होण्याआधी दुसरा मार बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते. असं घडणं फार दुर्मीळ आहे, पण घडतं ते मुख्यतः कोवळ्या वयात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेट नावाचा १३ वर्षांचा मुलगा मार लागल्यावर त्याच सामन्यात परत खेळायला उतरला आणि कायमचा अपंग झाला. २००९ मध्ये तिथे त्याच्या नावाने कायदा आला आणि २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी असे कायदे केले.

तेव्हा पहिला नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचा. ज्या दिवशी डोक्याला मार बसला आणि शंका आली, त्या दिवशी खेळ बंद. सामना अंतिम असो, विरुद्ध संघ शेजारच्या गावचा असो, नाहीतर निवडसमितीचे साहेब आलेले असोत. याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. दुमत होतं ते पुढच्या प्रश्नावर. थांबवलं, आता विश्रांती किती द्यायची?

अंधारी खोली

जुन्या बाळंतिणीची खोली आठवा. अंधार, शेक, कानाला फडकं, सव्वा महिना बाहेर पाऊल नाही. सिझेरियन झालेल्या बाईला तर कूस बदलायचीही भीती घालत. आज काय होतं? दुसऱ्या दिवशी नर्सबाई हात धरून चालवतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला एकेकाळी कित्येक आठवडे पलंगावरून हलू देत नसत, आता दोन-चार दिवसांत वऱ्हांड्यात फेऱ्या मारायला लावतात. मेंदूच्या मुक्या माराचंही अगदी असंच झालं.

२००८ मध्ये झुरिकला या विषयातल्या जाणकारांची परिषद झाली. तिथे ठरलं, की लक्षणं पूर्ण जाईपर्यंत शरीराला आणि बुद्धीला विश्रांती हाच उपचाराचा पाया. ऐकायला किती पटण्यासारखं! पेशी थकल्यात, त्यांना काम देऊ नका. मग अमेरिकेत पुष्कळ घरांत मुलांना पडदे ओढलेल्या खोलीत ठेवलं जाऊ लागलं. शाळा नाही, पुस्तक नाही, मोबाइल नाही, मित्र नाहीत. एक आठवडा, दोन आठवडे, कधी महिना. किड्याला कोषात ठेवावं तसं. पण असं केल्याने मूल लवकर बरं होतं का, हे कोणी नीट तपासूनच पाहिलेलं नव्हतं.

तपासलं तेव्हा निकाल उलटा लागला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या डॉक्टरांनी ११ ते २२ वयाच्या, मार लागून इमर्जन्सी विभागात आलेल्या मुला-मुलींचे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती सांगितली. दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू कामाला लागा, असं सांगितलं. ८८ जणांनी हा अभ्यास पूर्ण केला. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले... पाच दिवस पडून राहिलेल्यांनाच जास्त त्रास जाणवला आणि तो जायलाही जास्त दिवस लागले!

२०१६ मध्ये कॅनडातून मोठा अभ्यास आला. ५ ते १८ वयाच्या २,४१३ मुलांची माहिती त्यात होती. पहिल्या आठवड्यात थोडीफार हालचाल सुरू केलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के मुलांना महिनाभरानंतरही त्रास होता. अजिबात हालचाल न केलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४३ टक्क्यांच्या वर होतं. आता तुम्ही म्हणाल, ज्याला कमी लागलं तोच आधी उठून फिरणार ना? रास्त शंका आहे. म्हणून बफेलो इथल्या डॉक्टरांचा २०१९ चा अभ्यास महत्त्वाचा. त्यांनी १३ ते १८ वयाच्या १०३ मुला-मुलींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. कोण कुठल्या गटात जाणार हे दुखण्यावर ठरलं नाही, नशिबावर ठरलं. एका गटाने रोज थोडा वेळ, त्रास वाढणार नाही इतपत चालण्याचा किंवा सायकलचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने नुसतं हातपाय ताणण्याचे सोपे प्रकार केले. पहिला गट सरासरी १३ दिवसांत बरा झाला, दुसरा १७ दिवसांत.

चार दिवसांचा तर फरक, असं वाटेल. पण दहावीच्या वर्षातल्या मुलीला किंवा जिल्हा स्पर्धा तोंडावर आलेल्या मुलाला विचारा, चार दिवस म्हणजे काय असतं ते!

पडून राहिल्याने नुकसान का होतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. दिवसा लोळलेल्या मुलाची रात्रीची झोप मोडते. हालचाल नसली की धडधाकट माणसालाही चार दिवसांत उठल्यावर भोवंडल्यासारखं होतं. मित्र भेटत नाहीत, अभ्यास मागे पडतो, संघात आपली जागा दुसऱ्याला मिळते. मन खचतं. त्यातून अंधारात करायला दुसरं काही नसलं की मूल दर पाच मिनिटांनी आपलं डोकं किती दुखतंय तेच चाचपत बसतं. मग मार कुठला आणि खोलीचा त्रास कुठला, हे डॉक्टरांनाही सांगता येईनासं होतं.

शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला पुन्हा जाणकारांची परिषद भरली. २०२३ मध्ये तिचं निवेदन प्रसिद्ध झालं आणि त्यात स्पष्ट सांगितलं गेलं, की लक्षणं जाईपर्यंत कडक विश्रांती फायद्याची नाही. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, त्यानंतर हलकी हालचाल.

मग घरी करायचं काय?

सगळ्यात आधी धोक्याच्या खुणा पाठ करून ठेवा. डोकेदुखी वाढतच जाणं, पुन्हा पुन्हा उलटी होणं, फिट येणं, बोलणं अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं किंवा मुंग्या येणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं, मान खूप दुखणं, माणसं न ओळखणं, हलवूनही नीट जागं न होणं. यातलं एकही दिसलं, की आधी हॉस्पिटल गाठायचं. क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला हेल्मेट न घालता जवळ क्षेत्ररक्षण करत होता. डोक्याला चेंडू लागल्यावर तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर आला होता. तीन दिवसांनी त्याचं निधन झालं. आत रक्तस्राव असला, तर सुरुवातीला माणूस चांगला बोलता-चालता असू शकतो. "टेंगूळ आलं म्हणजे आतलं बाहेर आलं, काळजी नको" या समजुतीवर म्हणूनच विसंबू नका. पहिल्या दिवशी मुलाला एकटं ठेवू नका आणि धोक्याची खूण नसली तरी डॉक्टरांना दाखवाच.

तपासून डॉक्टरांनी घरी पाठवलं, की पहिले दोन दिवस खरंच शांततेचे. झोपू द्या. 'डोक्याला लागल्यावर झोपू द्यायचं नाही' ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, पण तपासणी झालेली असेल तर झोप हे चांगलंच औषध. घरातल्या घरात फिरणं, अंगणात बसणं, आजीशी गप्पा मारणं चालेल. खोलीत अंधार करायची गरज नाही. मोबाइल आणि टीव्ही मात्र खरोखर बाजूला. अमेरिकेत १२ ते २५ वयाच्या १२५ जणांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) पहिले ४८ तास स्क्रीनपासून दूर राहिलेल्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत गेला. स्क्रीन बघत राहिलेल्यांना आठ दिवस लागले. गंमत बघा, आपल्याकडे 'आराम कर' म्हणजे मूल मोबाइल घेऊन पडतं! तो आराम नव्हेच.

दोन दिवसांनंतर थोडं डोकं दुखत असलं तरी हलकं चालणं सुरू करायचं. चालताना बोलता येईल एवढाच वेग. मुलाला विचारायचं, "दहापैकी किती दुखतंय?" तीन होतं, चालल्यावर चार-पाच झालं आणि तासाभरात परत खाली आलं तर काळजी नाही. त्याहून वाढलं, तर त्या दिवसापुरतं थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी करून पाहायचं. भाजीत तिखट घालतो तसं... एकदम नाही, चव घेत घेत.

शाळा आधी, मैदान नंतर. काही दिवस अर्धा दिवस शाळा, मध्ये थोडी विश्रांती, गृहपाठ कमी, पीटी नाही, चाचणी असेल तर ती पुढे, असं वर्गशिक्षिकांना चिठ्ठी लिहून सांगा. संध्याकाळचा क्लास काही दिवस बुडाला तरी आभाळ कोसळत नाही.

मैदानावर परतण्याच्या सहा पायऱ्या जाणकारांनी ठरवल्या आहेत. रोजची साधी कामं, मग चालणं-सायकल, मग एकट्याने धावणं आणि खेळाचे सोपे प्रकार, मग धक्का लागणार नाही असा संघाबरोबरचा सराव, मग पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. चौथ्या पायरीपासून पुढे जायचं ते सगळी लक्षणं गेल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. हिशेब केला तर कमीत कमी आठवडा जातो, मुलांना तर दोन ते चार आठवडे लागणं नेहमीचं आहे. ब्रिटनने एप्रिल २०२३ मध्ये गल्ली-क्लबच्या पातळीवरच्या खेळांसाठी, म्हणजे जिथे तज्ज्ञ डॉक्टर हाताशी नसतात अशा मैदानांसाठी, वेगळी सूचना काढली. २१ दिवसांच्या आत सामना नाही. आपल्या तालुक्याच्या मैदानाला ही सूचना जास्त जवळची आहे, नाही का? महिन्यानंतरही त्रास राहिला, तर मात्र घरी बसून वाट बघू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. तोल, मान, डोळे, झोप, मन, प्रत्येकावर वेगळे उपचार आहेत.

आणि मुलींचं काय?

आता थोडं आपल्या लेकींबद्दल. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला, त्यात सांगलीची स्मृती मानधना होती. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेने खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या मुलींचं नेतृत्व केलं आणि चषक आणला. आज लहान गावांतल्या मुली मैदानात उतरतायत, ही फार मोठी गोष्ट आहे. पण मुली जिथे खेळतात तिथे मुलींना लागणारही.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शाळांच्या फुटबॉलचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच खेळ, तेच मैदान, पण मुलींमध्ये कन्कशनचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट निघालं. आणि दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. मार लागल्यावर लगेच मैदानाबाहेर काढलं जाण्याची शक्यता मुलांच्या बाबतीत जास्त होती, मुलींच्या बाबतीत कमी. म्हणजे लागतं जास्त आणि लक्ष कमी! मुलींच्या मैदानावर मदतीला माणसं कमी असतात का, मुली सोसतात का, याची चर्चा सुरू आहे. आपल्याला मात्र 'सोसणं' हे काय असतं, ते कोणी शिकवायला नको.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. मुलाला डोक्याला लागलं, तर घर म्हणतं, "बरा झाला की जाईल परत." मुलीला लागलं, तर आजी, काका, शेजारच्या काकू सगळे एका सुरात म्हणतात, "बास झालं आता ते खेळणं. उद्या चेहऱ्याला लागलं म्हणजे?" मग डॉक्टरांनी सांगितलेली दोन दिवसांची विश्रांती दोन महिन्यांची होते आणि दोन महिन्यांची कायमची. काळजीपोटीच होतं हे सगळं. पण मुलींनाही ते ठाऊक असतं. म्हणून त्या डोकं दुखतंय हे लपवतात. बोलले तर खेळ सुटेल, या भीतीने. इथेच खरा धोका आहे. जे घर मार लागल्याचं ऐकून खेळच बंद करतं, त्या घरातली मुलगी पुढच्या वेळी गप्प बसते. ओटावाच्या मुलीने मैत्रिणींना सांगितलं, घरी नाही, हे विसरू नका.

म्हणून मुलीशी आधीच करार करा. "तू लपवायचं नाहीस आणि मी तुझा खेळ तोडायचा नाही." एवढं एक वाक्य कुठल्याही हेल्मेटपेक्षा जास्त कामाला येईल.

लपवण्याला आणखीही कारणं आहेत. आपल्या राज्यात जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धांच्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या घरात एक निवड म्हणजे सात-बारावर नाव चढल्यासारखं असतं. अशा वेळी "उद्या निवडचाचणी आहे, एक गोळी दे आणि पाठव" असं म्हणणारा बाप वाईट नसतो, अगतिक असतो. त्याला एवढंच सांगायचं, की चाचणी पुढच्या वर्षी परत येईल. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की हा गुणी फलंदाज पुन्हा पुन्हा डोक्याला मार बसत गेल्यामुळे २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, क्रिकेट सोडून बसला. त्याच्याकडे तर जगातले उत्तम डॉक्टर होते.

हा भार एकट्या आईने उचलायचा नाही. शाळेच्या पालकसभेत फी आणि गणवेशाबरोबर हाही विषय काढा. मैदानावर डोक्याला लागलं, तर बाहेर काढायचा निर्णय कोण घेणार? घरी फोन कोण करणार? डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय परत खेळायला घ्यायचं नाही, हे लिहून ठेवता येईल का? याला पैसा लागत नाही, मशीन लागत नाही. पीटीच्या सरांनाही हे हवंच असतं. निर्णयाची जबाबदारी लिखित नियमावर असली, की निवडसमितीचा आणि पालकांचा दबाव त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर येत नाही.

आणि हो, हे सगळं फक्त मुलांसाठी नाही बरं का. ओल्या फरशीवर घसरून डोकं आपटलेली बाई दोन मिनिटं भिंतीला टेकून बसते आणि उठून पोळ्या लाटायला लागते. धोक्याच्या खुणा तुम्हालाही त्याच. पहिले दोन दिवस तुम्हालाही तेवढेच लागू. त्या दोन दिवसांत गॅससमोर कोण उभं राहणार, हे घरातल्या इतरांनी ठरवायचं!

औषध कमी पडलं तर गुण येत नाही आणि जास्त झालं तर बाधतं. विश्रांतीचंही तसंच. मार लागल्या क्षणी थांबवणं, दोन दिवस खरोखर शांत ठेवणं आणि मग हात धरून पुन्हा उन्हात, शाळेत आणि मैदानावर नेणं, ही ती मात्रा. यातली शेवटची पायरी मुलींच्या बाबतीत विसरू नका, एवढंच.